पाच राजे, एक भाडेपट्टा

रावेरहून आहव्याला जायचं तर तापीच्या काठाकाठानं पश्चिमेकडे निघावं लागतं. भुसावळला गाडी बदलायची, जळगावनंतर सुरतेचा मार्ग धरायचा, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूर गाठायचं आणि तिथून डोंगर चढणारी बस पकडायची. होळीच्या आधीच्या आठवड्यात या वाटेवर गर्दी असतेच. आमच्याकडे केळीच्या बागांत घड कापणारे, वाहणारे पावरा, बारेला, भिल्ल मजूर या दिवसांत डोंगराकडे परततात. होळी आपल्याच गावात पेटली पाहिजे हा त्यांचा हट्ट बागाईतदारांनाही ठाऊक आहे, त्यामुळे कुणी कुणाला अडवत नाही. सुरत-नवसारीकडे उसाच्या तोडीला गेलेली डांगची कुटुंबंही याच सुमारास घराकडे वळतात. त्यांच्या वाटेनं मीही निघालो होतो. मला आहव्याचा डांग दरबार पाहायचा होता.

गुजरातमधल्या डांग जिल्ह्यात गाढवी, आमाळा, वासुर्णा, पिंपरी आणि दहेर अशा पाच गाद्या आहेत. या गाद्यांवरच्या भिल्ल घराण्यांना लोक आजही राजे मानतात, आणि सरकारही मानतं. दरवर्षी होळीआधी जिल्ह्याच्या मुख्य गावी, आहव्याला, दरबार भरतो. बहुधा राज्याचे राज्यपाल येतात, राजांचा आणि नाईकांचा सत्कार होतो आणि त्यांना सरकारी तिजोरीतून सालियाणा दिला जातो. देशातली साडेपाचशेहून अधिक संस्थानं विलीन झाली, संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं बंद झाले. ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर, कोल्हापूर, सगळ्यांचे. आहव्याचा सालियाणा मात्र राहिला.

हा प्रवास माझ्या मनात आला तो बेल्जियममुळे. माझी भाची ल्यूव्हेनला शिकते. त्या देशाच्या उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालून, पूर्वेच्या टोकाला थोडे जर्मन. १९६८ मध्ये भाषेच्या भांडणातून तिचं विद्यापीठच दुभंगलं. फ्रेंच विभागाला दूर एक नवं गाव वसवून दिलं, आणि ग्रंथालयाची वाटणी करताना सम क्रमांकाची पुस्तकं एकाकडे, विषम क्रमांकाची दुसऱ्याकडे गेली असं तिथे सांगतात. भाची फोनवर सांगत होती, "मामा, इथे पक्ष दोन भाषांचे वेगळे, वर्तमानपत्रं वेगळी, टीव्ही वेगळा. दोघांचं मिळून एक म्हणावं असं फार थोडं आहे. त्यात राजा आहे." तो राजा शपथ घेतो ती तिन्ही भाषांत. २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस त्या देशात पूर्ण अधिकाराचं सरकार बनलं नाही, तेव्हा पक्षांच्या पुढाऱ्यांना एकामागून एक बोलावून वाटाघाटी चालू ठेवायचं काम राजाकडेच होतं. मग तिनंच विचारलं, "आपल्याकडे भाषेच्या सीमेवर असा राजा कुणी उरलाय का?"

रावेरचा माणूस या प्रश्नाला परका नाही. आमच्या तालुक्यात लेवागणबोली आहे, गुर्जरांची गुजरी आहे, तडवी आहेत, पालकडच्या डोंगरात पावरी-बारेली आहे, आणि चोरवडचा नाका ओलांडला की बुऱ्हाणपूरचं हिंदी राज्य सुरू होतं. बाजारच्या दिवशी एकाच ओट्यावर चार बोली ऐकू येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. रेघा मारायची वेळ आली तेव्हा मात्र वाटलं. राज्यांच्या त्या रेघांनी खानदेशाच्या दोन्ही कडा कापल्या. पूर्वेची मी रोज पाहतो, पश्चिमेची पाहायला निघालो होतो.

गाडी धरणगावला थांबली तेव्हा मी मुद्दाम दारात येऊन उभा राहिलो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, पण सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. १८२५ मध्ये जेम्स औट्राम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं याच धरणगावात भिल्लांचीच पलटण उभारली. ज्यांच्याशी लढायचं त्यांनाच बिल्ला आणि पगार द्यायचा, ही त्याची रीत. १८३० मध्ये तो फौज घेऊन डांगात उतरला आणि गाढवीच्या शिलपत राजाला त्यानं नमवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात डांगचा राजकीय कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे राहिला. म्हणजे आहव्याच्या राजांचं भवितव्य ज्या कागदांवर ठरलं, ते धुळे-धरणगावच्या कचेऱ्यांतून लिहिले गेले. आज धरणगावच्या फलाटावर चहा पिणाऱ्या माणसाला डांग कुठे आहे विचारलं तर तो सापुताऱ्याचं नाव घेईल. सहलीचं ठिकाण म्हणून. एवढा तुटला तो मुलूख आपल्यापासून.

नवापूरचं स्थानक नकाशा पाहणाऱ्यांना परिचयाचं आहे. राज्यांची हद्द फलाटाच्या मधूनच जाते. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. एका बाकावर रेघ ओढून अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात असं लिहिलेलं आहे. येणारेजाणारे तिथे बसून फोटो काढतात. मला मात्र त्या बाकापेक्षा आसपासची गावं आठवत होती. १ मे १९६० ला पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांमधली दीडशेहून अधिक गावं गुजरातेत गेली. उच्छल, निझर तिकडचे झाले. आजोळ एका राज्यात आणि सातबारा दुसऱ्या, अशी घरं या पट्ट्यात गावोगाव आहेत.

नवापूरहून आहव्याकडे जाणारी गुजरातची एस.टी. सुबीरवरून जाते. खिडकीबाहेर मार्चमधलं पानगळीचं सागवान, मोहाची झाडं, खाली दगडधोंड्यांतून सुकत चाललेल्या नद्या. बसमधल्या पाट्या गुजराती, कंडक्टर गुजराती बोलणारा, आणि प्रवाशांचं आपसातलं बोलणं माझ्या कानाला इतकं ओळखीचं की मी थक्क झालो. आईचं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे अहिराणी मला दुधाबरोबर मिळाली आहे. डांगी तिची सख्खी नसली तरी चुलत बहीण नक्की आहे. ग्रिअर्सननं आपल्या भाषासर्वेक्षणात डांगीला खानदेशीच्या घरात बसवलं ते उगाच नव्हे. शेजारी एक म्हातारे बाबा होते, डोक्याला पांढरा फेटा, पायाशी पिशवीत नागलीचं पीठ. त्यांनी विचारलं, कुठले? मी रावेर म्हणालो. त्यांनी एकच खूण ओळखली, "केळीवाले." मग गप्पा सुरू झाल्या.

ते कोकणा समाजाचे. डांगमध्ये कोकणा-कुणबी हा मोठा समाज, त्याखालोखाल भिल्ल, मग वारली, गामित आणि इतर. राजे सगळे भिल्ल. मी विचारलं, "बाबा, राजा तुमच्या जातीचा नाही. मग तुमचा कसा?"

ते थोडा वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "जंगल कोणाचं होतं, असं सरकारनं कोणाला विचारलं? राजाला. सही कोणाची? राजाची. त्याला विचारलं म्हणजे आम्हाला विचारलं. तो गेला तर कोणाला विचारतील?"

या एका उत्तरानं माझ्या प्रवासाची दिशा ठरली. सालियाण्याचा इतिहास ज्यांना माहीत नाही त्यांना तो सरकारची कृपा वाटतो. तो मुळात भाडं आहे. डांगचा साग जहाजबांधणीला उत्तम. मुंबईच्या गोदीत आणि इंग्रजी आरमाराला चांगलं लाकूड हवं होतं. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या राजांकडून जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं आणि त्याबदली दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. ती रक्कम राजांच्या हाती सन्मानानं देण्यासाठी जो मेळावा भरू लागला, त्याचाच आजचा डांग दरबार. पट्ट्याच्या मुदती संपल्या, नवे पट्टे झाले, आणि हळूहळू जंगल परत द्यायची गोष्टच मागे पडली. शतकाच्या अखेरीस राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. फिरती शेती आवळली, कुऱ्हाड गुन्हा ठरली, मोहाच्या फुलांवर आणि दारूवर कायदे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वनखात्याविरुद्ध उठाव झाले. अजय स्कारिया या इतिहासकारानं डांगी लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून १९९९ मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या कथांत काळाचे दोन भाग आहेत: जंगल मोकळं होतं ती मोगलाई, आणि हद्दी मांडल्या गेल्या त्यानंतरचा काळ. एवढी स्पष्ट इतिहासदृष्टी असलेल्या माणसांना आपण अडाणी म्हणत आलो, याचं मला फार वाईट वाटतं.

तनखे बंद करण्याची लढाई इंदिरा गांधींनी १९७० मध्ये सुरू केली. लोकसभेत विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत एका मतापेक्षाही कमी फरकानं पडलं, मग राष्ट्रपतींचा हुकूम निघाला, तो सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, आणि शेवटी १९७१ ची घटनादुरुस्ती झाली. त्या वादळातून डांगचा सालियाणा वाचला, कारण तो संस्थान सोडल्याबद्दलचा तनखा नव्हताच. तो जंगलाच्या कराराचा मोबदला होता. मोठमोठ्या महाराजांचे वकील जे वाचवू शकले नाहीत, ते या गरीब घराण्यांचं एका जुन्या पट्ट्यानं वाचवलं. हे राजे महालात राहत नाहीत. साधी घरं, थोडी शेती. सालियाणा वाढवून मिळावा ही त्यांची मागणी दरवर्षी दरबाराच्या दिवसांत वर्तमानपत्रांत येते.

आहवा हे गाव उंचावर आहे, हवा रावेरच्या मानानं मायाळू. दरबाराचे दिवस असले की सगळ्या वाटा एकाच मैदानाकडे वळतात. पाळणे, खेळणी, बांगड्या, चांदीसारख्या दिसणाऱ्या दागिन्यांची दुकानं, उसाचा रस, भेळ. दुकानदारांत नाशिक आणि धुळ्याकडचे बरेच, त्यांची मराठी लगेच कळते. ध्वनिक्षेपकावर गुजराती आणि हिंदी. गर्दीत डांगी. मधूनच पावरीचा सूर येतो. दुधीभोपळा आणि बांबूचं हे वाद्य वाजवणारा गाल फुगवून वाजवतो आणि त्याच्याभोवती माणसांची साखळी फेर धरते. बायका कमरेत हात गुंफून एका लयीत झुकतात. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

मग राजांची मिरवणूक आली. सजवलेल्या बग्ग्या, डोक्याला फेटे, पुढे वाजंत्री, मागे घराण्याची माणसं आणि नाईक. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाया मुलांना उचलून दाखवत होत्या. कुणी लवून नमस्कार करत होतं, कुणी नुसतंच हसून हात हलवत होतं. भीती कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. राजाकडे ना पोलीस, ना कर लावायची ताकद, ना नोकरी द्यायचा अधिकार. तरी माणसं उन्हात थांबतात. मंचावर पानसुपारी झाली, शाली पांघरल्या गेल्या, सालियाणा दिला गेला, भाषणं झाली. घराण्यांची आडनावं पवार, सूर्यवंशी. ती पुकारली जात होती गुजराती निवेदनातून, आणि टाळ्या पडत होत्या डांगी हातांच्या. मला हे दृश्य आपल्या देशातल्या फार थोड्या ठिकाणी दिसलं आहे: कोणती भाषा वरची हा प्रश्न त्या तासाभरापुरता कुणाच्याच मनात नव्हता.

हा प्रश्न इथे किती पेटला होता हे तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई राज्यात आला. मग प्रश्न उठला, हे लोक मराठी की गुजराती? १९४९ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई डांगचा दौरा करून आले आणि डांगी ही गुजरातीला जवळची आहे, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी तिथल्या शाळांत मराठी चालत असे. पुढे गुजराती आली. छोटुभाई आणि घेलुभाई नायक या गांधीवादी बंधूंनी आहव्यात आश्रम उभारून आयुष्यभर काम केलं. इकडे नाशिकच्या बाजूनं दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ काढलं होतं. सेवा दोन्हीकडून मनापासूनच होती, पण दोन्हीकडच्या पुस्तकांची लिपी वेगळी होती आणि तिच्यावरून हद्द ठरणार होती. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांत बेळगाव-कारवारच्या बरोबरीनं डांग-उंबरगावचं नाव होतं. १९६० मध्ये दोन्ही गुजरातेत गेले. बेळगावची आठवण आपण दरवर्षी काढतो. डांगची कुणी काढत नाही.

मैदानाच्या कडेला एका शाळामास्तरांशी ओळख झाली. त्यांचे आजोबा मराठी शाळेत चौथी शिकले, वडील गुजराती शाळेत, ते स्वतः गुजरातीतून बी.एड. झाले, आणि घरी आजही डांगीच. "आम्हाला तीन वेळा शिकवलं की तुम्ही कोण," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी विचारलं, राजांना काय वाटत होतं त्या वेळी? ते म्हणाले, "घरात ऐकलं ते एवढंच, की राजा दोन्हीकडच्या साहेबांना भेटला आणि दोघांनाही जंगलाबद्दल विचारलं. भाषेबद्दल कुणी विचारलं तर हसला." ही आठवण किती खरी आणि किती घडवलेली, मी शोधत बसलो नाही. लोकांना राजा असा आठवायचा आहे, ही बातमी माझ्यापुरती पुरेशी मोठी होती.

बेल्जियमची गोष्ट इथे पुन्हा आठवते, आणि तिचा धडा वेगळा आहे. १८३१ मध्ये तिथे पहिला राजा बसवला तो जर्मन घराण्यातला, म्हणजे ना फ्लेमिश ना वालून. परका म्हणून दोघांना चालला. दुसऱ्या महायुद्धात तिसरा लिओपोल्ड जर्मनांना शरण गेला, देशातच राहिला, आणि युद्धानंतर त्यानं परत गादीवर यावं की नाही यासाठी १२ मार्च १९५० ला सार्वमत झालं. देशभरात ५७.६८ टक्के लोक त्याच्या बाजूनं होते. पण फोड पाहा: फ्लँडर्समध्ये सुमारे ७२ टक्के, वालोनियात सुमारे ४२. राजा परतला तेव्हा वालोनियात संप झाले, गोळीबारात माणसं मेली, आणि अखेर त्यानं मुलाला, बोडुएँला, पुढे करून गादी सोडली. राजाच भाषेच्या एका बाजूला सापडला की कागदावरचं बहुमत कामाला येत नाही. आणि आज? आज राजेशाही नको म्हणणारे मोठे पक्ष फ्लेमिश बाजूला आहेत, आणि राजा हवा असं फ्रेंच बाजूला अधिक वाटतं. सत्तर वर्षांत बाजू पालटल्या. तिथला पाठिंबा देश एकत्र ठेवण्याच्या हिशेबाशी बांधलेला आहे. देश टिकवण्यात ज्याचं हित, त्याला राजा हवा.

डांगचा राजा परका नाही. तो याच मातीचा, म्हणून पक्षपातीही असू शकला असता. तरी कोकणा त्याला मानतो, वारली मानतो, गुजराती शिकलेला मानतो, मराठी शिकलेल्याचा नातूही मानतो. माझ्या मते याचं कारण त्या म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं तेच आहे. जंगलावरचा त्यांचा हक्क कुठेतरी लिहिलेला आहे, आणि तो लिहिताना समोरच्या बाजूला जो बसला होता त्याची गादी त्यांनी जपून ठेवली आहे. ग्रामसभा, पंचायत, आमदार, हे सगळं नंतर आलं आणि आलं ते चांगलंच झालं. पण त्यातल्या कुणाचीही सही १८४२ च्या कागदावर नाही. लोक राजाला टिकवतात तेव्हा आपला पुरावा टिकवतात.

ही श्रद्धा सगळ्यांची सारखी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आहव्यातल्या एका महाविद्यालयीन मुलीनं मला चांगलंच सुनावलं. "काका, तुम्ही बाहेरून येता, तुम्हाला बग्गी आवडते. राजाला शाल मिळते. माझ्या वडलांचा वनहक्काचा दावा अजून फायलीत आहे. वर्षातून एक दिवस आमचा मान, बाकी दिवस आम्ही ऊस तोडायला." २००६ च्या वनहक्क कायद्याची कलमं तिला पाठ होती. मी तिला विचारलं, मग दरबार बंद करावा का? ती म्हणाली, "नको. बंद केला तर सरकारला बरंच पडेल. पण राजाला जे भाडं म्हणून देतात त्याला भाडं म्हणा, आणि त्यातलं गावांचं काय ते सांगा." मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. २०११ च्या जनगणनेनुसार डांगची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास, त्यात शंभरातले चौऱ्याण्णवहून अधिक आदिवासी. एवढ्या छोट्या जिल्ह्याच्या जंगलाचा आणि गावांचा हिशेब जमणार नाही असं कुणी म्हणू नये.

सरकारी पैशावाचूनही असा मान टिकतो, याचा दाखला खानदेशातच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी हे जुनं मेवासी संस्थान. तिथली राजवाडी होळी सातपुड्यात सर्वांत मानाची. जंगलातून आणलेला उंचच उंच बांबू रात्रभर उभा करण्याचं काम चालतं, पहाटे होळी पेटते, बावा-बुध्या अंगाला राख फासून, मोरपिसांचे टोप घालून नाचतात. तीन राज्यांतून माणसं येतात. देहवाली, मथवाडी, पावरी, सगळ्या बोलींची. राजाच्या गादीला नमस्कार केल्याशिवाय कुणी निघत नाही. आहव्याहून मी तिकडेही गेलो. तिथे भाषण नव्हतं, मंच नव्हता, सरकारी पाहुणेही नव्हते. काठीत गादीचा मान आहे, पण भाडेपट्टा नाही. म्हणून आहवा मला अधिक महत्त्वाचं वाटतं: मान कुणीही देऊ शकतो, कागद मात्र सरकारला बांधून ठेवतो.

परतताना नवापूरच्या फलाटावर अहिराणी बोलणाऱ्या एका माणसानं विचारलं, "कथा चालना भाऊ?" मी रावेर म्हणालो आणि डांगहून आल्याचं सांगितलं. त्यानं विचारलं, "तठे काय शे?" गाडी येईपर्यंत मी त्याला भाडेपट्ट्याची सगळी हकिगत सांगितली. त्याला राजांची माहिती होती. जंगल भाड्यानं दिलेलं आहे हे माहीत नव्हतं. आहव्याच्या मैदानावरही बहुतेक तरुणांना ते माहीत नव्हतं. सालियाण्याची बातमी येते तेव्हा तिच्यात रक्कम असते, बग्गी असते, राज्यपालांचं नाव असतं. करार नसतो.

खानदेशच्या कलेक्टरांनी डांगबद्दल केलेला पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांचं भाषेवरून एकेकाळी कितीही भांडण झालं असलं, तरी हे कागद दोघांचे आहेत आणि सगळ्यांत आधी डांगच्या लोकांचे आहेत. पट्ट्यांच्या प्रती काढून त्यांचा मजकूर गुजराती, मराठी आणि डांगीत छापावा, पाचही गाद्यांच्या गावांत आणि डांगच्या ३११ गावांच्या ग्रामसभांत द्यावा, आणि पुढच्या दरबारात सालियाणा देण्याआधी तो ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावा. मुंबईचं पुराभिलेखागार, आहव्याचं कलेक्टर कार्यालय आणि धुळ्याचं कलेक्टर कार्यालय या तिघांना मी तसं पत्र लिहिलं आहे. रावेर, यावल, धरणगावच्या वाचनालयांनीही आपापली पत्रं पाठवावीत, म्हणून त्याची प्रत त्यांच्याकडे देत आहे.